आकाशातील वीज आणि घरातील जुना संगणक

उन्हाळ्याच्या अखेरीस येणारा वळीव, मृगाच्या तोंडावर होणाऱ्या गडगडाटी सरी आणि हस्त नक्षत्रातील परतीचा पाऊस हे तीनही काळ घरातील विद्युत उपकरणांच्या दृष्टीने धोक्याचे असतात. पंखा किंवा दूरचित्रवाणी संच बिघडला, तर तो दुरुस्त करता येतो अथवा नवा आणता येतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या संगणकाचे तसे नाही. त्याचे अनेक सुटे भाग आता तयार होत नाहीत. त्यात साठवलेली छायाचित्रे, हिशेब, पत्रव्यवहार आणि जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर यांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते.

अशा संगणकाचे आकाशातील विजेपासून संपूर्ण रक्षण करील, असे कोणतेही उपकरण बाजारात मिळत नाही. वादळ येण्यापूर्वी सर्व तारा काढून ठेवणे आणि माहितीची प्रत अन्यत्र राखणे, हे दोनच उपाय भरवशाचे आहेत. इतर साधने त्यांना पूरक ठरतात, पर्याय ठरत नाहीत.

भिलाई आणि वादळाचा हंगाम

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर तत्कालीन सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्यामुळे देशाच्या नकाशावर आले. त्यासाठीचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच क्रमांकांच्या सेक्टरांत विभागलेली वसाहत उभी राहिली. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरील या शहरात नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर ही राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता. त्यामुळे दुर्ग, राजनांदगाव आणि रायपूर परिसराचा मराठी भाषकांशी असलेला संबंध त्याहूनही जुना आहे.

विदर्भाप्रमाणेच येथेही मार्च ते मे या महिन्यांत कडक ऊन पडते. तापलेली हवा आणि बाष्प यांच्या संयोगाने दुपारनंतर उंच ढग तयार होतात आणि वादळी पाऊस कोसळतो. जूनच्या मध्याच्या सुमारास मोसमी पाऊस पोहोचतो, तेव्हाही विजांचे प्रमाण मोठे असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार, वीज पडून देशात २०२१ मध्ये २,८८० आणि २०२२ मध्ये २,८८७ जणांचा मृत्यू झाला. अशा मृत्यूंचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यांत छत्तीसगडचा समावेश होतो. संगणकाच्या सुरक्षेचा विचार करतानाही ही संख्या ध्यानात ठेवावी लागते.

पोलाद कारखान्याच्या परिसरात लोखंड मोठ्या प्रमाणावर असल्याने वीज तिकडे ओढली जाते आणि वसाहत सुरक्षित राहते, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात वीज कोठे पडणार हे ठरविण्यात धातूपेक्षा उंचीचा वाटा अधिक असतो. उंच धुराड्यावर वीज पडण्याची शक्यता जास्त असली, तरी त्या धुराड्याचे संरक्षण त्याच्या पायथ्याभोवतीच्या मर्यादित क्षेत्रालाच मिळते. काही किलोमीटर दूर असलेल्या घराला त्याचा उपयोग होत नाही.

वीज घरात कशी शिरते

मराठीत आकाशात चमकणाऱ्या विजेला आणि घरातील दिवा लावणाऱ्या विजेला एकच शब्द आहे; त्यांच्या प्रमाणात मात्र प्रचंड अंतर आहे. घरातील पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि संगणकाला एक-दोन अँपिअर प्रवाह पुरतो. आकाशातील विजेच्या एका झोतात साधारणपणे ३० हजार अँपिअर प्रवाह वाहतो आणि तिच्या मार्गातील हवेचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट होते. हा झोत सेकंदाच्या अत्यल्प भागात येतो आणि संपतो.

वीज थेट घरावर पडण्याचे प्रसंग तुलनेने कमी असतात. संगणकाचे नुकसान बहुतेक वेळा अप्रत्यक्ष मार्गाने होते. पहिला मार्ग विद्युत तारांचा आहे. दूरच्या खांबावर किंवा उघड्या तारांवर वीज पडली, की विद्युतदाबाची लाट तारांवरून घराघरांत पोहोचते. दुसरा मार्ग दूरध्वनी, केबल टीव्ही आणि नेटवर्कच्या तारांचा आहे. तिसरा मार्ग प्रवर्तनाचा आहे. शेकडो मीटर अंतरावर वीज पडली, तरी तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लांब तारेत क्षणिक दाब निर्माण होतो. शेजारच्या घरापर्यंत किंवा गच्चीवरून ओढलेली नेटवर्कची तार याला विशेष बळी पडते. चौथा मार्ग जमिनीचा आहे. वीज जेथे जमिनीत शिरते, तेथील दाब काही क्षण वाढतो आणि तो अर्थिंगच्या तारेतून उपकरणापर्यंत येऊ शकतो.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात सुचविलेला आणि आज ‘वीज अटकाव यंत्रणा’ म्हणून ओळखला जाणारा टोकदार वाहक इमारतीचे आग व पडझडीपासून रक्षण करतो. तो विजेला जमिनीपर्यंत सुरक्षित वाट देतो. परंतु त्या वाटेने जाणारा प्रवाह जवळच्या तारांत दाब निर्माण करतो. इमारतीवर अशी यंत्रणा असली, म्हणजे आतील संगणक सुरक्षित झाला, असे मानता येत नाही.

जुन्या संगणकाचा वेगळा प्रश्न

आज अनेक जण लॅपटॉप किंवा मोबाइल वापरतात. बॅटरीवर चालणारे आणि कोणत्याही तारेला न जोडलेले उपकरण तारेतून येणाऱ्या लाटेपासून आपोआप दूर राहते. जुना मेजावरचा संगणक मात्र अनेक तारांच्या मधोमध बसलेला असतो. मुख्य खोका, मॉनिटर, प्रिंटर आणि स्पीकर यांचे वेगवेगळे प्लग असतात आणि ते सर्व एकमेकांनाही जोडलेले असतात. एका तारेतून आलेली लाट त्यामुळे सर्व उपकरणांत पसरू शकते.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरची अनेक वर्षे घरोघरी दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमद्वारे जोडणी घेतली जात असे. हा मोडेम पुष्कळदा मदरबोर्डवरच बसवलेल्या कार्डाच्या स्वरूपात असे. दूरध्वनीच्या तारेवरून आलेली लाट त्या कार्डातून थेट मदरबोर्डवर पोहोचे. विजेचा प्लग काढला, पण दूरध्वनीची तार तशीच राहिली, या एका विसराळूपणाने त्या काळात अनेक संगणक निकामी झाले. आज दूरध्वनीऐवजी काचतंतूची जोडणी असते. काचतंतू विद्युतवाहक नाही. परंतु त्याच्या टोकाला असलेल्या उपकरणाचा अडॅप्टर आणि तेथून संगणकापर्यंत येणारी तांब्याची तार विद्युतवाहक आहे.

वयाचाही परिणाम होतो. पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डवरील कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात. नवा असताना संगणक जो धक्का पचवू शकला असता, तोच धक्का जुनेपणी त्याला निकामी करतो.

बटण बंद करणे पुरेसे का नाही

आभाळ भरून आले, की भिंतीवरील बटण बंद करून निश्चिंत होण्याची सवय सर्वत्र आढळते. हे बटण केवळ फेजची तार तोडते. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारा जोडलेल्याच राहतात. शिवाय बंद बटणाच्या आतील फट काही मिलिमीटरची असते. अनेक किलोमीटर हवा भेदून आलेल्या विजेला ती फट ओलांडणे अवघड नसते.

संगणकाच्या दर्शनी भागावरील बटणावर तर मुळीच विसंबू नये. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेच्या संगणकांत हे बटण दाबून संगणक बंद केला, तरी आतील ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालू राहतो. त्यामुळे बंद दिसणारा संगणकही विद्युत पुरवठ्याला जोडलेलाच असतो.

मुख्य फलकावरील एमसीबीबाबतही गैरसमज आहे. अतिरिक्त प्रवाह वाहू लागल्यास तारा जळू नयेत, हे तिचे काम आहे. ती उघडण्यास काही मिलिसेकंद लागतात. विजेची लाट मायक्रोसेकंदांत, म्हणजे त्याच्या शेकडो पट कमी वेळात, संगणकापर्यंत पोहोचून आपले काम करून गेलेली असते. मानवी शरीराला धक्का बसू नये म्हणून बसवली जाणारी ईएलसीबी किंवा आरसीसीबीही संगणकाचे विजेपासून रक्षण करीत नाही.

म्हणून प्लग सॉकेटमधून पूर्णपणे बाहेर काढणे आवश्यक ठरते. दूरध्वनी, नेटवर्क आणि केबल टीव्हीच्या तारा संगणकाच्या मागून काढून काही अंतरावर ठेवाव्यात. सॉकेटच्या अगदी जवळ लोंबकळणारा प्लग काढल्यासारखा दिसला, तरी पुरेसा दूर नसतो.

स्पाइक बस्टर, यूपीएस आणि स्टॅबिलायझर

चांगल्या स्पाइक बस्टरमध्ये धातूच्या ऑक्साइडपासून बनवलेला व्हॅरिस्टर नावाचा घटक असतो. विद्युतदाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की तो क्षणार्धात वाहक बनतो आणि जादा ऊर्जा दुसरीकडे वळवतो. दूरवर पडलेल्या विजेच्या किंवा पुरवठा परत येतानाच्या लहान लाटा त्यामुळे अडवल्या जातात. प्रत्येक लाटेगणिक हा घटक मात्र थोडा थोडा झिजतो. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या स्पाइक बस्टरचा लाल दिवा लागतो, म्हणजे त्याचे संरक्षण शाबूत आहे, असे नाही. तो दिवा बहुधा केवळ पुरवठा चालू असल्याचे दाखवतो. स्पाइक बस्टर म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त पट्ट्यांत व्हॅरिस्टर नसतोच. ती केवळ अनेक सॉकेटांची पट्टी असते.

यूपीएसचे काम पुरवठा खंडित झाल्यावर संगणक व्यवस्थित बंद करण्यापुरता वेळ देणे हे आहे. घरगुती यूपीएसच्या सर्वसाधारण प्रकारात पुरवठा चालू असताना बाहेरील वीज बव्हंशी तशीच संगणकापर्यंत जाते. त्यामुळे वादळात यूपीएसचा प्लगही भिंतीतून काढावा. व्होल्टेज स्टॅबिलायझर दाबातील मंद चढउतार सांभाळतो. विजेच्या लाटेच्या वेगापुढे तो निरुपयोगी असतो.

याहून अधिक संरक्षण हवे असल्यास घराच्या मुख्य फलकावर सर्ज संरक्षक बसवता येतो. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. जादा प्रवाह जमिनीत सोडणे हेच या साधनाचे काम असल्याने, अर्थिंग चांगले नसेल तर त्यावरील खर्च वाया जातो.

अर्थिंगची स्थिती

तीन पिनांच्या प्लगमधील सर्वांत लांब आणि जाड पिन अर्थिंगची असते. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे तार जोडलेली नसते, किंवा तार असली तरी बाहेरील खड्ड्यातील जोड गंजून तुटलेला असतो. संगणकाच्या पत्र्याच्या खोक्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नसल्याचे ते लक्षण समजावे आणि तपासणी होईपर्यंत संगणक वापरू नये.

अर्थिंगबाबत भारतीय मानक ब्युरोची आयएस ३०४३ ही संहिता आहे. जमिनीतील ओलाव्यावर अर्थिंगची परिणामकारकता अवलंबून असते. मुरमाड आणि खडकाळ जमिनीत विद्युत प्रवाहाला होणारा रोध मुळातच अधिक असतो. मे महिन्यात जमीन सर्वांत कोरडी असते आणि नेमक्या त्याच वेळी वळवाच्या विजा सुरू होतात. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत आजही उपयुक्त आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा तंत्रज्ञाकडून अर्थिंगचे मापन करून घ्यावे. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडण्याची पद्धत सोडून द्यावी. प्लास्टिकच्या पाइपमुळे ती निरुपयोगी ठरते आणि धातूच्या पाइपमुळे नळाला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

आधी जीव, मग संगणक

प्लग काढण्याचे काम वादळ येण्यापूर्वी करायचे असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, की वीज किती किलोमीटर दूर आहे याचा अंदाज येतो. हे अंतर ३० सेकंदांहून कमी असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. त्यानंतर प्लग, तारा, तारेचा दूरध्वनी किंवा नळ यांना हात लावू नये. तारेतून लाट येण्याच्या क्षणी प्लग हातात असेल, तर नुकसान संगणकापुरते मर्यादित राहत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उलटल्यावरच तारांना स्पर्श करावा.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर बसवलेल्या संवेदकांच्या जाळ्यावर आधारित ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन तयार केले आहे. आपल्या परिसरात २० ते ४० किलोमीटर अंतरावर होणाऱ्या विजांची सूचना त्यातून मिळते. भारतीय हवामान विभागही पुढील काही तासांचा तात्कालिक अंदाज प्रसिद्ध करतो. या सूचना मिळताच तारा काढण्यास पुरेसा वेळ असतो.

कारखान्यातील पाळीच्या निमित्ताने घरातील माणसे दुपारी बाहेर असतात आणि वादळेही बहुधा दुपारनंतरच येतात. बंद घरातील संगणकाला सूचनेचा उपयोग नाही. त्यामुळे मार्च ते ऑक्टोबर या काळात काम संपताच सर्व तारा काढून ठेवण्याची सवय लावून घेणे सोयीचे ठरते. रात्री झोपण्यापूर्वी आणि गावाला जाण्यापूर्वीही हेच करावे.

माहितीची प्रत

संगणकाचा खोका निकामी झाला, तर होणारी हानी काही हजार रुपयांची असते. त्यातील मजकूर गेला, तर त्याची किंमत सांगता येत नाही. मराठी कुटुंबांच्या बाबतीत या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींत मराठी मजकूर टंकलिखित केला जात असे. आत्मचरित्रे, मंडळांची इतिवृत्ते, लग्नपत्रिका, कवितासंग्रहांची हस्तलिखिते असे कितीतरी लेखन त्या फॉन्टमध्ये अडकलेले आहे. आजच्या संगणकावर त्या फाइली उघडल्या, तर अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. तो मजकूर वाचता येईल असा संगणक पुष्कळदा घरातील तो जुना संगणकच असतो.

म्हणून जुना संगणक सुरू होत आहे, तोवरच या फाइलींची नोंद करावी. मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि शक्य असल्यास तिची पीडीएफ प्रत असे तीनही एकत्र ठेवावे. फॉन्ट परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणून तो वाचून तपासावा, कारण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात. संगणकाच्या मागील बाजूस लावायचे हार्डवेअर लॉक असल्यास तेही वादळात काढून ठेवावे. पोर्ट जळाल्यास लॉकही निकामी होऊ शकते.

विंडोज ९८ वर चालणारे संगणक आजचे पेन ड्राइव्ह सहजी ओळखत नाहीत. अशा वेळी हार्ड डिस्क बाहेर काढून जुन्या आयडीई जोडणीचे यूएसबीत रूपांतर करणाऱ्या साधनाद्वारे ती नव्या संगणकाला जोडता येते. तयार झालेली प्रत मात्र त्याच संगणकाला जोडून ठेवू नये. एकाच लाटेत मूळ आणि प्रत दोन्ही नष्ट होतात. एक प्रत घरातील कपाटात आणि दुसरी अन्य गावातील नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत असावी.

वादळ ओसरल्यानंतर

पुरवठा परत आल्यावर लगेच प्लग लावण्याची घाई करू नये. पहिल्या काही मिनिटांत पुरवठा पुन्हा जाण्याची आणि दाब कमीअधिक होण्याची शक्यता असते. संगणक जोडलेलाच राहिला असेल आणि जळका वास येत असेल, तर तो सुरू करून पाहू नये.

संगणक सुरू होत नाही, म्हणजे सर्व संपले, असे नसते. अनेकदा केवळ पॉवर सप्लाय, मोडेम किंवा नेटवर्क कार्ड जळालेले असते. मदरबोर्ड निकामी झाला, तरी हार्ड डिस्क शाबूत राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. म्हणून भंगारात देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर तपासावी. पॉवर सप्लाय आणि काचेच्या नळीचा जुना मॉनिटर घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टहून अधिक, तर मॉनिटरच्या नळीत हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांनी उपलब्ध करून दिलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित घरविम्यात वीज पडण्याच्या जोखमीचा समावेश आहे. उपकरणांच्या भरपाईच्या अटी पॉलिसीत वाचून घ्याव्यात. विमा संगणकाची किंमत देऊ शकतो, त्यातील मजकूर परत देऊ शकत नाही.

प्लग आणि तारा काढण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. जुन्या फाइलींची प्रत काढण्यास एखादी सुट्टी पुरते. आभाळ निरभ्र असताना ही दोन्ही कामे झालेली असतील, तर गडगडाट सुरू झाल्यावर संगणकाकडे धाव घेण्याची वेळ कोणावर येत नाही.